बर्थाबायच्या चुलीवरचा फणस

जामसंड्याच्या पलीकडच्या माळावर आमची शेजारीण बर्थाबाय राहते. वय एकाहत्तर. गावातल्या निम्म्या बायकांना झंपर शिवायला हिने शिकवलं आणि उरलेल्या निम्म्यांची मापं हिला पाठ आहेत, त्यामुळे हिच्याशी भांडायला कोणी येत नाही.

या माळावर एकेकाळी गोऱ्या पलटणीचे तंबू होते. कप्तान म्हणाला, माळ लष्कराचा. कलेक्टर म्हणाला, मुलकी खात्याचा. दोघांचा राजा एक, तरी अकरा वर्षं पत्रांतून एकमेकांची उणीदुणी काढली. पलटण गेली, निकाल लागलाच नाही. मागे राहिला पलटणीचा गोवेकर आचारी, बर्थाबायचा नवरा कॉस्मे याचा पणजोबा. त्याचंच हे घर. कागदावर माळ आजही 'वादग्रस्त'.

तीन वर्षांपूर्वी परसातला फणस स्वयंपाकघरावर कलला. मालकाच्या संमतीशिवाय तोडायचा नाही. तहसिलात म्हणाले, लष्कराला विचारा. लष्कराच्या जमिनी सांभाळणाऱ्या कचेरीने लिहिलं, तहसिलात विचारा. चहा मिळेल म्हणून मी सोबत जायचो. तोही मिळाला नाही.

गेल्या जूनमध्ये फणस पडला. कौलं गेली, चूल गेली. बर्थाबाय बाहेर अंगणात, खळ्यात होती म्हणून वाचली. आठवड्यात दोन्हीकडचे साहेब हजर. फणसाचं महागाचं लाकूड ना! एकाने बुंध्यावर तांबडा नंबर घातला, दुसऱ्याने पांढरा.

"फणस कोणाचो?" बर्थाबायने विचारलं.

"आमचा," दोघे एकदम.

"मगे माझी चूल मोडली ती कोणाच्या झाडान?"

साहेबांनी टेप गुंडाळली. "निकाल लागेपर्यंत लाकडाला हात लावू नका, मावशी."

तीन महिने बाई ओसरीवर रांधत होती आणि चुलीवर सरकारचा ओंडका कुजत होता. त्यावर बुरशी चढली, वाळवी लागली. शेवटी तिने लवू सुताराला बोलावलं.

"मालक कोण गो बाय?"

"माका भूक लागली हा. काप."

धड उरलं त्याचे वासे काढले, छप्पर चढवलं. मग दोन नोटिसा आल्या. दोन्हींत गुन्हा एकच, सरकारी मालमत्तेचं नुकसान. चुलीबद्दल अवाक्षर नाही. दोन्ही मीच तिला वाचून दाखवल्या.

बर्थाबाय नव्या चुलीवर बांगड्याचं तिखलं हलवत होती. म्हणाली, "दोघांका एकाच दिवशी येवक लिही रे. फणस कोणाचो तां आधी ठरवंदेत. तवसर आपण जेवया."