‘सरका जरा’ची मी केलेली सुधारणा

लालबाग, चिंचपोकळी आणि परिसरातल्या तमाम नागरिकांना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येतं की, आमच्या घरातल्या लॅपटॉपला हात लावण्यास मला कायमची मनाई करण्यात आली आहे. ठराव माझ्या मुलीने मांडला, बायकोने अनुमोदन दिलं आणि शेजारचे परब, ज्यांचा या प्रकरणात माझ्याइतकाच हात होता (आणि पाय तर जास्तच!), त्यांनी टाळ्या वाजवल्या.

त्याचं असं झालं. आमची शलाका कॉम्प्युटरवरचे खेळ बनवते. लोअर परळच्या एका चकचकीत ऑफिसातली चांगली नोकरी सोडून, घरच्या खाटेवर बसून, एकटीच बनवते. तिच्या पहिल्या खेळाचं नाव ‘सरका जरा’. चाळीतली एक खोली. तीत खाट, कपाट, ट्रंक, शिलाई मशीन. गणपतीला गावाहून पाहुणे येतात आणि येतच राहतात. सामान सरकवून सगळ्यांना झोपायला जागा करायची, हे कोडं. नियम आपलेच: कोणाचे पाय देव्हाऱ्याकडे येता कामा नयेत, दार उघडलं पाहिजे, आणि रात्री मोरीकडे जाणाऱ्याने कोणाच्या पोटावर पाय देता कामा नये. खोली तिने हुबेहूब आमचीच काढली होती, कपाटाच्या न लागणाऱ्या दारासकट. ते पाहून नंदाच्या, म्हणजे माझ्या बायकोच्या, डोळ्यांत पाणी आलं. कौतुकाने नव्हे. कपाट मोडकं आहे हे आता जगाला कळणार म्हणून!

खेळ इंटरनेटवरच्या एका दुकानात लागायचा होता. तिथे प्रत्येक खेळाला एक पान मिळतं. वर चित्रं, खाली माहिती. बघणाऱ्याला आवडलं तर तो ‘हा मला हवा’ अशी खूण करून ठेवतो. शलाकाच्या पानावर खूण करणारे बहुतेक सगळे आमचे नातेवाईक होते, आणि त्यातल्या निम्म्यांना आपण कशावर खूण केली हे माहीत नव्हतं. तिच्या क्षेत्रातले मित्र म्हणाले, पान बघून खेळ कशाचा आहे तेच कळत नाही. अशात जुन्या ऑफिसने तिला परत बोलावलं. बंगळुरूला खेळांचं मोठं प्रदर्शन होतं, तिथे तिला एक टेबल मिळालं होतं. जेवता जेवता ती शांतपणे म्हणाली, “तिथेही कोणी थांबलं नाही, तर सोमवारी ऑफिसला हो सांगून टाकते.” आणि आमटी वाढून घेतली. मला ती आमटी घशाखाली उतरेना. तसं मी बोललो, तर नंदाने त्याचा अर्थ मीठ कमी पडलं असा घेतला आणि पुढचं जेवण वेगळ्याच विषयावर गेलं.

निघताना शलाकाने मला एक काम दिलं. तिने लिहून ठेवलेला मराठी मजकूर पानावर चिकटवायचा, बस्स. बाकी कशाला हात लावायचा नाही. काम माझ्याकडे यायचं कारण म्हणजे, दुकानात खातं उघडलं तेव्हा तिचा फोन दुरुस्तीला होता, म्हणून नंबर माझा दिलेला. पानात काहीही बदललं की ओटीपी येणार माझ्या फोनवर. थोडक्यात, दुकानाची किल्ली माझ्या खिशात! आणि मी कोण? ज्याने अर्धं आयुष्य मंडळाच्या माइकवर काढलं, ज्याने हरवलेल्या मुलांची वर्णनं अशी रंगवली की भलतेच आईबाप मुलं न्यायला यायचे, तो मी. मी नुसतं चिकटवायचं?

मजकूर उघडला. ‘एक खोली. खूप पाहुणे. सरका जरा.’ संपला! माझ्या पोटच्या मुलीचा खेळ, आणि रिक्षाच्या मागेसुद्धा याहून जास्त लिहिलेलं असतं. मी बाह्या सरसावल्या आणि दुपारपर्यंत लिहीत बसलो. पण त्या चौकटीत ठरावीक अक्षरंच बसतात, उरलेली दुकान परस्पर कापतं, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. त्यामुळे जगाला वाचायला मिळालं ते असं: ‘मूळ गाव कणकवलीजवळ, सध्या मुक्काम लालबाग, आजोबा गिरणीत जॉबर, अशा सुसंस्कृत घराण्यातील सुविद्य कन्येने अत्यंत परिश्रमपूर्वक’

पुढे काही नाही. पूर्णविरामही नाही.

नंदाने चष्मा लावून वाचलं आणि विचारलं, “हे कुठल्या स्थळाला पाठवताय?”

एवढ्यावर थांबलो असतो तर आज माझ्याकडे लॅपटॉप असता. पण नंदाची नजर वरच्या चित्रांवर गेली. चित्रांत कोडी सुरू होतानाची खोली होती. गाद्या इकडे, ट्रंक तिकडे, मोरीच्या तोंडाशी कपाट. आता, आमच्या घरी गॅस तपासायला माणूस येणार असला तरी चादर बदलतात. फोटो काढायचा असेल तर आधी घर आवरतात, मग माणसं आवरतात, मग फोटो. असा पसारा परक्यांना दाखवायचा? नंदा म्हणाली, लोक थांबत नाहीत ते यामुळेच. दारातूनच बघतात आणि परत जातात. मला ते शंभर टक्के पटलं. (लग्नानंतर असं क्वचितच झालंय.) मग आम्ही दोघांनी ती कोडी सोडवली. सगळे पाहुणे ओळीत झोपवले, उशा सारख्या केल्या, आणि आवरलेल्या खोल्यांची चित्रं पानावर चढवली. कोड्याच्या दुकानात काचेआड नुसती उत्तरं मांडून ठेवली आपण, हे दोघांच्याही डोक्यात आलं नाही. खोल्या काय सुरेख दिसत होत्या!

तेवढ्यात परब आले. परब म्हणजे आमच्या भिंतीपलीकडचे. आमच्याकडे डबा उघडल्याचा आवाज झाला की येतात. पानाखाली लोकांना मत लिहायची सोय आहे म्हटल्यावर त्यांनी लगेच आपल्या फोनवरून लिहिलं: ‘मुलीला लहानपणापासून ओळखतो. शांत आहे. मोठ्यांना उलटून बोलत नाही. खेळ पाहिलेला नाही.’

आता एकच चित्र राहिलं होतं, सगळ्यात अवघड खोलीचं. खाट काही केल्या फिरेना. नंदा वैतागली. दरवर्षी गणपतीत आपण ही खाट फिरवतो, मग या लॅपटॉपला काय धाड भरली? परब मला म्हणाले, “बाळ्या, खरी फिरवून बघ मरे. मग तशीच त्यात फिरव.”

खोली आमचीच, खाट आमचीच. शंका घ्यायला जागाच नव्हती. पाहुण्याचं माप हवं म्हणून परब कपाटाशेजारी जमिनीवर आडवे झाले. नंदाने ट्रंक सरकवली, लॅपटॉप शिलाई मशीनवर ठेवला आणि आतून खाट ढकलायला लागली. फिरवायला खाट थोडी दाराबाहेर काढावी लागते, म्हणून मी गॅलरीत जाऊन ओढायला लागलो. खाट लोखंडी, माझ्या वडिलांच्या लग्नातली. दारातून अर्धी बाहेर आली, तिरकी झाली आणि अडकली. पुढे येईना, मागे जाईना. आत नंदा मशीन आणि ट्रंक यांच्या मधे चिणलेली. परबांचे पाय खाटेखाली, आणि तेही देव्हाऱ्याकडे! गॅसवर कुकर. बाहेर मी, माझा फोन आणि हातात खाटेचा एक पाय.

आणि फोन वाजला. शलाका.

ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं वाटलं असतं. हळू आवाजात तिने सांगितलं की टेबलापाशी लोक येतायत, आपापल्या फोनवर पान उघडतायत आणि विचारतायत की सगळं लावून झालंय, मग आम्ही करायचं काय? एका मराठी माणसाने विचारलं, ती शांत मुलगी तुम्हीच का? मग ती म्हणाली, “बाबा, जुनी चित्रं घरच्याच लॅपटॉपवर आहेत, ती परत लावा. आत्ता. प्लीज.”

आमची मुलगी घरच्यांना प्लीज म्हणत नाही. मी खिडकीच्या गजांतून आत तोंड घातलं आणि नंदाला ओटीपी ओरडून सांगू लागलो. नंदा एकेक आकडा चष्म्यातून शोधायची, मधे कुकर शिट्टी द्यायचा, शोधून होईपर्यंत ओटीपी मरायचा. दुसरा मागवला. तोही गेला. परब खालून सांगत होते की त्यांच्या पायाला मुंग्या आल्यात. गॅलरीत निम्मी चाळ जमली आणि प्रत्येकाकडे खाटेबद्दल वेगळं मत होतं.

अखेर नंदाचा संयम संपला. तिने स्वतःच्या फोनवर फोटो काढला आणि नवऱ्याने घराचं काय केलं ते सगळ्यांना कळू दे म्हणून फॅमिली ग्रुपवर टाकला. दारात तिरकी खाट, खाली परबांचे पाय, मागे कपाटाचं लोंबणारं दार, आणि खिडकीच्या गजांत माझं तोंड, जामीन न मिळालेल्या माणसासारखं.

फोटो तिकडे पोचला आणि फोनवर शलाकाचे हुंदके ऐकू येऊ लागले. मला वाटलं रडते आहे. मग कळलं, हसता हसता तिला श्वास पुरत नव्हता.

“बाबा, हाच टाका. सगळ्यात वर.”

“अगं, यात घर आवरलेलं नाही.”

“म्हणूनच. आणि तुमचं ते घराणं काढा. तिथे लिहा, ‘या माणसाला घरात घ्या.’”

या वेळी ओटीपी जगला. फोटो चढला. तिकडे तिने तोच फोटो टेबलावरच्या मोठ्या पडद्यावर लावला. लोक थांबायला लागले. माझ्याकडे बघायचे, खाटेकडे बघायचे, आणि ‘अरे, ही अशी फिरवली तर?’ म्हणत खुर्ची ओढायचे. काही जण मित्रांना घेऊन परत आले. जग काही उलटंपालटं झालं नाही, पण आमच्या नात्यात नसलेली बरीच माणसं ‘हा मला हवा’ म्हणून गेली.

इकडे खाटेचा एक पाय कापावा लागला. तिथे आता विटा आहेत.

सोमवारी शलाकाने घरातूनच ऑफिसला फोन लावला. मी शेजारी बसून मटार सोलत होतो. एवढ्यात तरी जमणार नाही, असं ती म्हणाली तेव्हा माझ्याकडून दाणे कचऱ्यात आणि सालं पातेल्यात जात होती. एरवी मोठं भांडण झालं असतं. त्या दिवशी नंदाने नुसतं पातेलं उलटं केलं आणि दाणे वेचायला बसली.

पुढे शलाकाने खेळात एक नवी खोली घातली. खाटेला विटा आहेत, कपाटाजवळ परब आडवे आहेत आणि गजांमागे मी आहे. मला आत घेतल्याशिवाय कोडं सुटत नाही. बघायला सगळी चाळ जमली. पहिला मान आईचा, म्हणून लॅपटॉप नंदापुढे ठेवला. मी लांब उभा. (मनाई!) नंदाने सराईतपणे खाट फिरवली, ट्रंक सारली, पाहुणे झोपवले. देव्हारा मोकळा, मोरीची वाट मोकळी. हात झटकून ती मागे सरली. खेळ काही संपेना.

शलाकाने पडद्यावरच्या खिडकीकडे बोट दाखवलं. “आई, बाबा राहिलेत ना.”

नंदाने खिडकीतल्या मला पाहिलं, मग त्या ऐसपैस खोलीकडे पाहिलं, आणि माझ्यासकट सगळ्या चाळीदेखत बोलून गेली, “असू देत की बाहेर! खोली किती मोकळी वाटते!”