भावजींचं ईएसआर

आमचे धाकटे भावजी दसऱ्याला पूजेच्या वेळी घरात थांबायचेच नाहीत. घराणं बडोदा संस्थानाच्या फौजेतलं, त्यामुळे तलवार पुसून तिला कुंकू लावायची आमची रीत. भावजी चपला सरकवत म्हणायचे, "लोखंडाला काय कळतं हो वहिनी, कुंकू लावलं काय नि राख लावली काय!"

ते युनिव्हर्सिटीत रसायनशास्त्र शिकवायचे. लग्न केलं नाही. सगळा जीव एका यंत्रात अडकलेला, ईएसआर म्हणायचे त्याला. ते काय करतं विचारलं तर म्हणाले, "जोडीदार नसलेले इलेक्ट्रॉन शोधतं." मी म्हटलं, "मग तुम्हालाही शोधेल!"

बडोद्यात ते नव्हतं. नमुने बर्फात घालून मुंबईला न्यायचे, तर पोचेपर्यंत बर्फाबरोबर नमुनाही गेलेला. त्यापायी त्यांच्या एका विद्यार्थिनीची पीएचडी अडली होती. अर्ज केला की उत्तर ठरलेलं, परकीय चलन नाही. पुढे बाहेरचा माल यायला लागला, आमच्या कारेलीबागेत घरोघर रंगीत टीव्ही आले, तसं एकदाचं यंत्रही आलं. भावजींच्या निवृत्तीला तेव्हा वर्षच उरलेलं. "नारळ फोडलात तर बघा," अशी सगळ्यांना तंबी.

ते सुरू करायच्या दिवशी मी डबा घेऊन गेले, तर खोलीत सुतक! यंत्र रिकामं, म्हणजे रेघ सरळ यायला हवी, तरी कागदावर पेन सहा उड्या मारतंय. कंपनीचा इंजिनियर म्हणाला, आतला भाग बिघडलाय, तो परदेशी परत पाठवावा लागेल, वर्ष जाईल. ती पोर रडायच्या बेतात. भावजी पांढरेफटक.

शेवटचा उपाय म्हणून इंजिनियरने नमुन्याची नळी ठेवायच्या पोकळीत कापसाचा बोळा फिरवला. बाहेर आला तो लाल!

"साहेब, आ तो कंकू छे!" तो म्हणाला.

सगळे माझ्या कपाळाकडे बघायला लागले. "अहो, मी आत्ता येतेय!" मी ओरडलेच.

"मीच लावलं," भावजी खाली बघत म्हणाले. "सकाळी. वहिनी, तुमच्याच करंड्यातलं. तोंडाशीच लावलं होतं, आत सांडलं असेल."

देव्हाऱ्यातला देव उठून चालायला लागला असता, तरी मी एवढी दचकले नसते. कुंकवातल्या चुन्यात कसलासा धातू असतो म्हणे, तेवढा कणही त्या यंत्राने पकडला. पुसून काढल्यावर पेन सरळ गेलं. मग त्या पोरीचा नमुना ठेवला, आणि तिला हवी तीच रेघ उमटली.

भावजी जाऊन आता बरीच वर्षं झाली. यंत्र सुरू झालं त्या दिवशी घरी येताना स्कूटरवर मागून मी विचारलं, "अहो, पण तुम्ही? का?" मग वेग कमी करून म्हणाले,

"इतकी वर्षं वाट बघितली, वहिनी. रुसलं असतं म्हणजे?"