गार इंजिनाची वाट

सकाळी साडेसातला जाफराबाद सोडलं. जालन्याला कॉलेजात एक वाजता प्रात्यक्षिक परीक्षा होती. मोटरसायकल अप्पांची. ते गवंडी आहेत. आज काम गावातच होतं, पण उद्या त्यांना गाडीवरून लांब जायचं होतं.

आठवड्यापूर्वी मी एक चूक केली होती आणि घरी सांगितली नव्हती. कॉलेजच्या फाटकात गाडीच्या टकटक आवाजाची लाज वाटायची, म्हणून मोबाइलवर व्हिडिओ बघून टॅपेट (वॉल्वजवळची फट कमी-जास्त करणारा स्क्रू) मीच कसला. आवाज गेला. पण तेव्हापासून किक मारून पाय भरून यायचा. आज तर भोकरदनच्या अलीकडे लहानशा चढावर गाडी धापा टाकायला लागली. दोन्हीकडे कपाशी आणि मधे मी, दुसऱ्या गिअरवर.

भोकरदनला स्टँडजवळ चहा-भजे घेतले. चव कळली नाही. गाडी दाखवावी, की तशीच दामटावी? समोरच गॅरेज होतं. तिथल्या म्हाताऱ्या मेकॅनिकला सगळे चाचा म्हणत होते.

"चाचा, गाडी ओढत नाही. पण आवाज बिलकुल नाही."

त्यांनी कान लावला. "आवाज न्हाई म्हनून खुश हायेस का? बोलणारा टॅपेट बरा, बेटा. गप झालेला वॉल्व जाळतो. कुणी कसला?"

"मी."

"गरम इंजिनवर?"

मी मान हलवली. पंक्चर काढायला आलेला एक जण हसला, "इंजिनेर साहेब!"

"तू हसू नको. तुला हवा बी आमीच भरून देतो," चाचांनी त्याला गप्प केलं. मग मला म्हणाले, "आता माप घेता येत न्हाई. इंजिन पुरं गार पाहिजे, चार घंटे (तास). जल्दी असंल तर जा. पन वॉल्व जळाला तर आठ दिवस गाडी उभी."

अप्पांना फोन लावायला मला दहा मिनिटं लागली.

"तूच कसला?" अप्पांनी विचारलं. "मंग आधी सांगायचं ना. ठिव गाडी तिथंच. परीक्षा सोडू नको."

काळी-पिवळीत (भाड्याच्या जीपमध्ये) अर्धाच टेकलो. राजूरच्या गणपतीला चतुर्थीची गर्दी. जीप दीड तास नारळाच्या दुकानांमधे अडकली. शेजारच्या आजींनी विचारपूस करून पेढा दिला. "खा, तोंड किती उतरलंय." एकला दहा कमी असताना पोचलो. प्रयोग जमला, पण तोंडी उत्तरं देताना प्रवासाच्या थकव्यानं डोळे मिटत होते.

पाचला परत भोकरदन.

"धूर भायेर जातो त्या वॉल्वला फटच नव्हती," चाचा फट मोजायची पातळ पत्ती पुसत म्हणाले. "आता बराबर बसवली. वॉल्व वाचला. गाडी तशीच पुढं घातली असती, तर न्हाई सांगू शकत."

घरी पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. मला शिकवणारं घरात कुणी नाही, असं मी मित्रांना सांगत आलो होतो. पण घरात मी कधी विचारलं तरी होतं का?

अप्पा पाना घेऊन गाडीजवळ उकिडवे बसले. "कुठं असतं ते, दाव (दाखव) बरं."

"सकाळी दावतो, अप्पा," मी म्हणालो. "आत्ता इंजिन गरम हाय."

त्यांनी पाना सीटवर ठेवला. "बराबर," म्हणाले, आणि मला जेवायला घेऊन गेले.