यादीतली एक ओळ

दिवसा मी एका कंपनीचे क्लाउडवरचे सर्व्हर सांभाळायचो आणि उरलेल्या वेळात जगाचे. म्हणजे कुणीही फुकट वापरावीत अशी सुरक्षेची साधनं आम्ही काही अनोळखी माणसं मिळून लिहायचो. वहिनी म्हणायची, "लष्कराच्या भाकऱ्या भाजून राहिले भाऊजी." ती चिडवायची, पण माझी छाती फुगायची.

दादाची परतवाड्याजवळ संत्र्याची बाग होती. पाणी खोल गेलं, झाडं वाळली, आणि त्या वाईट वर्षांत गावोगाव जे होत होतं ते आमच्याही घरी झालं. दादानं विष घेतलं. पोरगी चार वर्षांची होती. "हार्ट अटॅक आला म्हणून सांगू," हे मीच सुचवलं. वहिनी तिला घेऊन अकोल्याला गेली आणि फुलांचे हार करून विकू लागली. तिथे आम्हाला ओळखणारं कुणी नव्हतं. अकरा वर्षं ते खोटं टिकलं.

माझं एक साधन क्लाउडवर उघड्या राहिलेल्या फायली हुडकायचं. अमरावतीत घरी बसून ते तपासताना मराठी नावाची एक फाइल सापडली. आत्महत्या झालेल्या घरांना मदत करणाऱ्या एका संस्थेची यादी होती ती: नाव, गाव, मृत्यूचं कारण, शेरा. नेटवर दादाचं नाव टाकलं की ती समोर येत होती. त्याच्या ओळीत कारण होतं 'विष'. शेरा होता, 'मुलीला सांगितलेले नाही'. वहिनीनं विश्वासानं सांगितलेलं संस्थेच्या सर्वेवाल्यानं इमानदारीनं टिपून ठेवलं होतं.

आमच्या धंद्याचा एक दंडक आहे. सुरक्षेत भोक सापडलं की मालकाला गुपचूप कळवायचं, बुजवायला नव्वद दिवस द्यायचे, तोवर कुणाकडे अवाक्षर काढायचं नाही. मी तो पाळला. तीन ईमेल पाठवले, उत्तर नाही. संस्थेचं ऑफिस माझ्या घरापासून चालत पंधरा मिनिटांवर होतं, पण गेलो नाही. नियमावर बोट ठेवून बसलो. खरं सांगायचं तर नियम माझ्या सोयीचा होता. वहिनीला सांगितलं असतं तर पोरीलाही सांगावं लागलं असतं, आणि ते खोटं माझं होतं.

साठाव्या दिवशी वहिनीचा फोन आला. शिष्यवृत्तीच्या फॉर्मला बापाच्या मृत्यूचा दाखला लागत होता. तो नेटवर मिळतो का बघायला पोरीनं कॅफेत बापाचं नाव टाकलं होतं. "दोन दिवसांपासून जेवली नाई," वहिनी म्हणाली. ती यादी मला आधीच सापडली होती, हे मी फोनवरच सांगून टाकलं.

मी तडक त्या ऑफिसात गेलो. तिथल्या बाईंनी माझ्यासमोर पाच मिनिटांत फाइल काढून टाकली. "ते ईमेल कोणी बघतच नाई हो," त्या म्हणाल्या. मला त्यांच्यापेक्षा स्वतःचाच संताप आला. बडनेऱ्याहून मिळेल ती गाडी धरून अकोल्याला पोचलो.

पोरगी आईशेजारी हार ओवत बसली होती. तिनं मान वर केली नाही.

"बाबाचं आईनं सांगतलं मले. यादीचं तुमाले कवापासून मालूम होतं, काका?"

मी दिवस सांगितले. नियम समजावला. त्यांना तीनदा लिहिलं होतं, हेही सांगितलं. तिनं ऐकून घेतलं.

"त्याईले तीनदा लिवलं," ती म्हणाली. "आन् इथं तं तुमी दर रविवारी जेवून जात होते."