खाटेवर न पडणारी माणसं

आमच्या माहेरी मरणाचासुद्धा तोरा होता. 'आमच्या घरचा पुरुष खाटेवर पडत नाही,' हे पाहुण्याला पाण्याच्या तांब्याबरोबरच ऐकायला मिळायचं. आजोबा शेताच्या बांधावर गेले, बाबा जेवता जेवता गेले, दोघंही पन्नाशीच्या आत. पुण्यवान म्हणे! हे पुण्य नव्हे, दुखणं आहे, एवढं काही कुणाच्या टाळक्यात शिरलं नाही.

तिरोड्याला वीज प्रकल्पाचं बांधकाम जोरात होतं, त्या सुमारास थोरल्या भावाला पेपर वाचताना धूसर दिसायला लागलं. चष्म्यासाठी मी त्याला गोंदियाला डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी थेंब घातले, डोळ्याच्या पडद्यावरच्या रक्तवाहिन्या बराच वेळ पाहिल्या आणि मग ब्लडप्रेशर मोजलं.

"चश्मा बाद में. आँख की नसें सिकुड़ गई हैं, पहले दिल दिखाओ. घर में किसी को हार्ट का था?"

भावानं छाती पुढे काढली. "आमच्या घरचा पुरुष खाटेवर पडत नाही, मॅडम. उभ्या उभ्या जाते."

बाईंनी पेन खाली ठेवलं. अशा नसा घराण्यातून उतरतात, दोघंही भावंडं तपासून घ्या, उशीर करू नका, असं त्यांनी बजावलं.

घरी ओसरीवर काकांचा दरबार भरलेलाच होता. "डोऱ्यात पाहून छातीतलं सांगते? मंग छाती पाहून चस्म्याचा नंबर काहाडून दे म्हणा तिले!"

सगळे खो खो हसले, भाऊ सगळ्यांत मोठ्यानं. मी म्हटलं, मी तरी जाऊन येते. तर काका म्हणाले, "तू कायले? तुयं लगन झालं. तुयं रगत आता तिकडचं."

धन्य! म्हणजे डोक्यावर अक्षता पडल्या की बाईच्या नसा बदलतात. आणि हे काका गावात शहाणे म्हणून मिरवायचे.

मी गेलेच. माझंही प्रेशर वाढलेलं निघालं. तेव्हा सुरू झालेली गोळी आजही चालू आहे. भावाला मात्र विनवलं, दटावलं, शिव्यासुद्धा घातल्या. "कामं सोडून काऊन जाऊ? मले काही होऊन नाही राहिलं," एवढंच त्याचं पालुपद. चष्मा तेवढा त्यानं दुकानातून करून आणला, सोनेरी काडीचा, आणि तो घालून गावभर फिरला.

पुढच्या रोवणीत तो धानाच्या बांधीत उभ्या उभ्या कोसळला. माणसं धावत पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. चष्मा चिखलातून वहिनीनं शोधून काढला.

तेरवीची पंगत बसली. काका पत्रावळीवर भाताचं आळं करत म्हणाले, "भाग्यवान पोरगा. एक दिवस खाटेवर नाही पडला." साऱ्या माना डोलल्या. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी तोंड उघडणार तोच आतल्या दारात बसलेली वहिनी बोलली. लग्न होऊन आल्यापासून काकांसमोर तिचा आवाज कुणी ऐकला नव्हता.

"पडले असते ना जी खाटेवर," ती म्हणाली. "मी केलं असतं त्यायचं."