मंडळाची पाहणी आणि सासूबाईंचा नवस

नवीन पनवेलला आमच्या बिल्डिंगमध्ये एक भटकंती मंडळ होतं. मंडळ म्हणजे चार पुरुष, एक खाकी तंबू आणि भरपूर मतं. चौघेही मुंबईला नोकरी करणारे, परवडणारा ब्लॉक मिळाला म्हणून इकडे आलेले, आणि खिडकीतून कर्नाळ्याचा सुळका दिसतो तो जणू यांनीच उभा करून घेतला अशा थाटात पाहुण्यांना दाखवणारे. त्यांतले एक आमचे हे. नव्वदच्या आसपासची गोष्ट. माझं लग्न होऊन दुसरं वर्ष चालू होतं.

मंडळाची स्थापना आमच्याच हॉलमध्ये झाली, कारण आमच्याकडे चहा दोनदा मिळायचा. उद्देश असा ठरला की पनवेलच्या आसपासचे डोंगर, जंगलं, किनारे धुंडाळायचे आणि कुटुंबासह मुक्काम करता येईल अशी एक चांगली जागा निवडायची. ‘कुटुंबासह’ हा शब्द ह्यांनी मुद्दाम मोठ्यानं उच्चारला. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. सोलापूरकडची मुलगी मी, समुद्र पाहिला होता तो सिनेमात. वेडीसारखी खूश झाले.

पण जागा निवडायची तर आधी पाहणी नको का? सरकारी कचेरीत जन्म काढणाऱ्या माणसाला पाहणीशिवाय घास गिळत नाही. म्हणून शनिवारी दुपारी मंडळ तंबू घेऊन निघायचं, रात्री मुक्काम करायचं आणि रविवारी संध्याकाळी उन्हानं लाल होऊन परत यायचं. आम्ही बायका डबे करून द्यायचो. पुऱ्या, बटाट्याची सुकी भाजी, शेंगदाण्याची चटणी, वर गोड म्हणून शंकरपाळे. पाहणीला ताकद लागते ना. परत आल्यावर तंबू आम्हीच गच्चीवर वाळत घालायचा, झाडायचा, घडी करायची, आणि मग हॉलमध्ये निकाल ऐकायचा.

निकाल नेहमी एकच असायचा. जागा अप्रतिम आहे, पण लेडीजसाठी नाही.

कर्नाळ्याला गेले. झाडी सुंदर, पाखरं सुंदर, पण माकडं फार, लेडीजच्या हातातल्या पिशव्या ओढतात. गाढेश्वरला गेले. पाणी गार, अंघोळीला मजा, पण दगडांवरून पाय घसरतो, साड्या नेसून कसं जमणार? प्रबळगडाला गेले आणि आमचे हे दोन दिवस पाय धरून बसले. चढ अंगावर येतो, बायकांना झेपायचा नाही. मग ह्यांनीच जेवताना सांगितलं, की डोक्यावर लाकडाच्या मोळ्या घेतलेल्या ठाकरणी भराभर खाली येत होत्या, आम्हालाच बाजूला व्हावं लागलं. मी म्हटलं, “त्या कोण होत्या मग? बायकाच ना?” तर म्हणाले, “त्यांचं वेगळं. त्यांना सवय असते.” सवय व्हायला आधी कोणीतरी जाऊ द्यावं लागतं, हे मी वरणात साखर विरघळवावी तसं हळूच म्हटलं. ह्यांना ऐकू गेलं नाही. नको ते ऐकू न येण्याचा ह्यांचा कान पहिल्यापासून तयार आहे.

उरणच्या किनाऱ्याची तर तीन वेळा पाहणी झाली. पहिल्यांदा भरती-ओहोटीसाठी, दुसऱ्यांदा पाण्याच्या सोयीसाठी, आणि तिसऱ्यांदा कशासाठी ते तंबूला आलेल्या तळलेल्या सुरमईच्या वासावरून मला कळलं. आमच्या घरात मासे शिजत नाहीत. निकाल आला, की आडोसा नाही. समोरच्या ब्लॉकमधली शेजारीण, मंडळातल्याच एकाची बायको, तिथेच बसली होती. ती म्हणाली, “अहो, तंबू म्हणजे दुसरं काय असतं?” चौघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि विषय सुरक्षिततेवर नेला. ती आणि मी आत जाऊन पोटभर हसलो. हसलो खऱ्या, पण मला रागही तितकाच आला होता.

बाकी सगळी कारणं संपली की एक कारण कायम शिल्लक असायचं. “आणि आईचं काय? आईला झेपणार आहे का?” आई म्हणजे माझ्या सासूबाई. त्या तिथेच जमिनीवर बसून तांदूळ निवडत असायच्या. झेपेल की नाही हे त्यांना कोणी विचारायचं नाही. त्याही मान वर करायच्या नाहीत. मला वाटायचं, म्हातारीला खरंच नको असेल.

एका दुपारी आम्ही दोघीच घरात होतो. मी मंडळाच्या नावानं बोटं मोडत पुऱ्यांचं पीठ मळत होते. सासूबाई मेथी निवडता निवडता म्हणाल्या, “मला गं एकदा उघड्यावर झोपायचंय. समुद्राजवळ.”

मी मळायची थांबले. त्या आपल्या पानं खुडत बोलत राहिल्या. माहेरी उन्हाळ्यात सगळी पोरं खळ्यावर झोपायची. लग्न होऊन गिरगावात आल्या, दोन खोल्या, बाहेरच्या खोलीत पुरुष, आतल्या खोलीत चुलीशेजारी ह्या. चौपाटी घरापासून चालत जाण्याजोगी. पण वर्षातून एकदा गणपती बोळवायला जायचं आणि मागे मंडळी जेवायला येणार म्हणून धावत परतायचं. इकडे ब्लॉकमध्ये आल्यावरही पाहुणेरावळे हॉलमध्ये आणि ह्या स्वयंपाकघरात. “लग्न झाल्यापासून मी फोडणीच्या वासातच झोपतेय,” त्या म्हणाल्या. तक्रार म्हणून नव्हे, आज मेथी जून निघाली म्हणावं तसं. इतके दिवस ज्या बाईच्या नावावर आमचा समुद्र अडवून ठेवला होता, तिलाच तो सगळ्यात जास्त हवा होता.

मग त्यांनी विचारलं, “उरणला समुद्राजवळ देव कुठला आहे?”

मी शेजारणीला विचारून आले. शंकराचं देऊळ होतं, अगदी वाळूला लागून. सासूबाईंनी मान हलवली आणि मेथीच्या काड्या गोळा केल्या.

त्या रात्री जेवणं चालू असताना त्यांनी शांतपणे जाहीर केलं, की नवस फेडायचा राहिलाय. हे लहान असताना गोवरानं फणफणले होते तेव्हा बोललेला. पोर वाचलं तर समुद्रकाठच्या शंकराच्या पायाशी एक रात्र काढीन. हे घास हातात धरूनच बसले. “आई, इतकी वर्षं बोलली नाहीस?”

“तू विचारलं नाहीस.”

आता आमच्या घरातली गंमत बघा. बाईला हवा खायला गडावर जायचं म्हटलं तर माकडं आडवी येतात, साडी आडवी येते, आडोसा आडवा येतो. तेच देवाला जायचं म्हटलं की सगळा रस्ता मोकळा. नवसाला नाही म्हणायची छाती कोणात? ह्यांचे डोळे भरून आले होते. तरी जित्याची खोड. म्हणाले, “या रविवारी आम्ही जाऊन पाहणी करून येतो.”

“देवाची कसली पाहणी करतोस?” सासूबाई म्हणाल्या.

पुढचे चार दिवस नवसाला रोज एक नवी अट फुटत होती. हे म्हणाले, मी सोबत येतो, तर कळलं की या नवसात पुरुष चालत नाहीत. मी डब्याचं काढलं, तर त्या दिवशी घरचं शिजवलेलं चालत नाही. सून चालते, शेजारीणही चालते, उलट सवाष्ण हवीच. मी ओट्याकडे तोंड करून हसू दाबत होते. आणि मुक्काम शनिवारचा नको, रविवारचा हवा, म्हणजे सोमवारी सकाळी शंकराचं दर्शन. त्यामुळे त्या आठवड्यात मंडळाची पाहणी रद्द झाली. दोन बायका नवसाच्या तयारीत, उरलेल्या दोघी त्यांच्या मदतीत, डबे करणार कोण? भर बाजारपेठेत हॉटेलं होती. पण हॉटेलचं खाऊन पाहणी होत नाही म्हणे.

दिवाळी नुकतीच झाली होती. आम्ही तिघी उरणच्या एसटीत बसलो. ह्यांनी स्टँडवर तंबू आणून दिला होता. सासूबाईंनी तो खिडकीतून परत दिला. “मला वर कापड नको,” म्हणाल्या.

देवळाशेजारी गुरवाचं घर होतं. त्याची बायको बाहेर येऊन आमच्याकडे बघत राहिली. आम्ही वाळूत झोपणार म्हटल्यावर तिनं एकदा सासूबाईंकडे पाहिलं आणि म्हणाली, “झोपा की. आमी हाय ना हितं. कोन नाय येत.” संपला सुरक्षिततेचा प्रश्न. मंडळाला तीन पाहण्यांत जो सुटला नव्हता तो एवढ्यात सुटला. आडोशाचं विचारलं तर तिनं मागच्या दाराकडे बोट दाखवलं आणि आत निघून गेली.

समुद्र पाहून मी काय केलं ते सांगत नाही, मला अजून लाज वाटते. शेजारीण म्हणते मी ओरडले. सासूबाई मात्र चपला हातात घेऊन, नऊवारी वर खोवून, सरळ पाण्यापर्यंत चालत गेल्या आणि घोटाभर पाण्यात उभ्या राहिल्या. सूर्य बुडाला तरी उभ्याच. मग परत येऊन माझ्याजवळ बसल्या.

“आता काय करायचं असतं?” त्यांनी विचारलं.

“काही नाही.”

“काहीच नाही?”

“काहीच नाही, आई.”

त्यांना ते पटेना. थोडा वेळ त्यांनी वाळूतले शिंपले वेचले, मोठे एका बाजूला, बारीक एका बाजूला. मग स्वतःशीच हसल्या आणि सगळे परत टाकून दिले. आम्ही स्टँडवरून घेतलेली भेळ खाल्ली, केळी खाल्ली. भांडं एकही घासायचं नव्हतं. सासूबाईंनी चादर अंथरली, लुगड्याचा पदर अंगाभोवती घेतला आणि आडव्या झाल्या. आकाशाकडे बघून काहीतरी म्हणतील असं मला वाटलं होतं. त्या घोरायला लागल्या.

सकाळी मी उठले तर ऊन वर आलेलं आणि त्या झोपलेल्याच. आमच्या घरात त्यांना झोपलेलं मी कधी पाहिलंच नव्हतं. मी उठायच्या आत त्यांचा चहा झालेला असायचा. गुरवाची बायको पाणी घेऊन आली आणि घाबरून म्हणाली, “आजीला बरं नाय का?” मी म्हटलं, “बरं आहे. झोपल्या आहेत.” आणि मला रडूच फुटलं. राग म्हणा, आनंद म्हणा, दोन्ही होतं. एवढं साधं मागणं होतं बाईचं. त्याला अख्खा शंकर मध्ये घालावा लागला.

परतीच्या रिक्षात बसलो, रिक्षा सुरू झाली, आणि सासूबाईंनी कपाळावर हात मारला. “अगं, देव राहिला.” उतरून तिघी धावत दर्शन घेऊन आलो.

ह्यांनी दारातच आईच्या पाया पडून प्रसाद घेतला. पुढच्याच आठवड्यात मंडळ त्या जागेची पाहणी करून आलं. निकाल: देवस्थान आहे, तिथे कुटुंबासह तंबू ठोकणं बरं दिसत नाही. तंबूला याही वेळी वास येत होता. सासूबाई मला हळूच म्हणाल्या, “प्रबळगडावर कुठला देव आहे ते बघून ठेव.” मी चौकशी केली, गणपती निघाला. “मग गणपतीला काय बोलले होते ते आठवायला हवं,” त्या म्हणाल्या. पण पावसाळ्यात त्यांची एक बाजू लुळी पडली, आणि दोन वर्षं त्या हॉलमधल्या पलंगावर होत्या. स्वयंपाकघरातून बाहेर यायला त्यांना तेवढं कारण पुरलं. शुद्ध शेवटपर्यंत होती, बोलणं नव्हतं. पंखा बंद करून मी कधी खिडकी उघडली की डोळ्यांनी मला शाबासकी द्यायच्या.

तेराव्याला घर भरलं होतं. जेवणं उरकल्यावर हे सगळ्यांच्या मध्ये बसले आणि नवसाची गोष्ट सांगू लागले. आईनं त्या वयात माझ्यासाठी उघड्या वाळूत थंडीत रात्र काढली, एका शब्दानं सांगितलं नाही, पोरासाठी आई काय काय करते. आवाज फुटला त्यांचा. नातेवाईक पदर डोळ्यांना लावत होते. मी पानं उचलत होते. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. आयुष्यात एकदा ही बाई स्वतःसाठी कुठेतरी गेली, तर तेही पोरासाठीच? मी हातातली पानं खाली ठेवली आणि तोंड उघडलं.

तेवढ्यात ह्यांच्या थोरल्या आत्या म्हणाल्या, “असला नवस अर्धवट सोडू नये. घराण्याचा होतो तो. आता सुनेनं चालवायचा, दर वर्षी.” सगळ्यांनी माना डोलावल्या. हे डोळे पुसत माझ्याकडे बघून म्हणाले, “तुला जमेल?”

मी खरं बोलले असते तर ती रात्र सासूबाईंची त्यांना परत मिळाली असती, आणि मला पुढे एकही मिळाली नसती. सगळे माझ्याकडे बघत होते.

“जमवेन,” मी म्हटलं, आणि त्या बाईची ती एकुलती एक रात्र तिच्या मुलाला देऊन टाकली.