बरोबरीत सुटलेली फायनल

आमच्या भागात कुठलीही गोष्ट तिच्या शेवटापर्यंत जाऊ देत नाहीत. मध्येच कुणीतरी मोठा माणूस उठतो, दोन शब्द बोलतो आणि ती तिथंच संपते. अयुब तांबोळी आज शिरूरच्या बाजारपेठेत बापाच्या पानांच्या दुकानात बसतो, तो यामुळंच. लोक म्हणतात, नशीब त्याचं. मला तर या शब्दाचीच शिसारी येते. नशिबाला पांढरी टोपी नसते, आणि ते सोफ्यावर बसून चहाही मागत नाही.

ही दोन हजार पाच-सहा सालची गोष्ट. एसटी स्टँडमागं एक सायबर कॅफे होता. लोक तिथं निकाल बघायला यायचे, आम्ही पाचजण बंदुकीचा गेम खेळायला. पाच विरुद्ध पाच, सगळी मशीनं तारेनं जोडलेली. अयुब अंगानं काडी आणि बोलायला महाग. आम्ही चौघं घसा फोडायचो, तो हेडफोन लावून मान खाली घालून बसायचा. भिंतीपलीकडं कोण चाललंय ते त्याला नुसत्या पावलांवरून कळायचं. “डावीकडं दोघं हायेत,” एवढंच म्हणायचा, आणि ते तिथं असायचे. आमच्यातला खरा खेळाडू तो एकटा. आम्ही आपले गाड्याबरोबर नळ्याची यात्रा.

त्या वर्षी पुण्याच्या एका कॉम्प्युटर कंपनीनं तालुक्यांच्या गावांची लीग काढली. सहा टीम, दर रविवारी सामने, दिवाळीपासून होळीपर्यंत सीझन. जी टीम जिंकेल तिला कंपनी पुण्यात ठेवून घेणार होती, महिन्याच्या पगारावर, खेळायला. खेळायला पगार! गावात कुणाला खरं वाटेना. अयुबचे वडील दगडूचाचा तर पानं मोजता मोजता हसले. पण अयुब एका रात्रीत जेवायचा बंद झाला, तेव्हा त्यांनी मला आणि त्याला समोर बसवलं.

“माज्या आज्ज्यापासून आमी पानं इकतो,” चाचा म्हणाले. “तुजं हे खूळ मला कळत न्हाई. पर येक सीझन दिला तुला. जिकलास तर खुशाल जा पुन्याला, मी आडवा न्हाई यायचा. न्हाई जिकलास तर गप गादीवर बसायचं. परत त्या डबड्याचं नाव न्हाई काढायचं.”

“कबूल, अब्बा,” अयुब म्हणाला.

मग सुरू झाला तो सीझन. कसला सीझन, नुसता उकिरडा. कुठं ऐन सामन्यात लाइट जायची आणि जनरेटरचं डिझेल मालकाच्या मेव्हण्यानं मोटरसायकलीत ओतलेलं असायचं. कुठं टीममध्ये नगरसेवकाचा पुतण्या घातलेला. त्याला खेळता येत नव्हतं, पण त्याला मारलं की त्याचे मित्र बाहेर आमची वाट बघायचे. केडगावात तर लोक आमच्या पाठीमागं उभं राहून आमचे स्क्रीन बघत आणि पलीकडच्यांना ओरडून सांगत, “पेटीमागं लपलंय रं!” मी भांडायला उठायचो. अयुब माझी बाही ओढून मला खाली बसवायचा. पेटीमागं लपलेला तोच असायचा, आणि ओरडणाऱ्याचं वाक्य पुरं होईतो तिथून निघून गेलेला असायचा. असं सगळ्यांना पुरून उरत आम्ही फायनलला आलो. समोर दौंडची टीम.

फायनल दौंडच्या एका मंगल कार्यालयात. स्टेजवर एका बाजूला आमची मशीनं, दुसऱ्या बाजूला त्यांची, मागं मोठा पडदा. दौंडचा कॅप्टन कैफ रेल्वे कॉलनीतला, उमदा पोरगा. त्यानं येऊन अयुबला हात दिला. पाहुणे म्हणून बोलावले होते बापूसाहेबांना. साखर कारखान्याचे माजी चेअरमन, शिरूर आणि दौंड दोन्हीकडं सभासद, म्हणजे दोन्हीकडं मतं. ते वेळ टळून आले, त्यांच्यासाठी आम्ही हात चोळत बसलो. आले ते पांढरी टोपी सावरत पुढच्या सोफ्यावर बसले, चहा मागितला आणि पडद्याकडं बघून शेजारच्याला विचारलं, “ह्यात आपला कंचा?”

बापूसाहेबांची हयात यात्रांच्या फडात पंच म्हणून गेलेली. आमच्याकडं यात्रेत शेवटची कुस्ती रेंगाळली की पंच मध्ये पडतात. दोन गावांत उगाच मारामारी नको म्हणून दोन्ही पैलवानांचे हात धरून वर करतात, कुस्ती बरोबरीत सोडवली म्हणतात, आणि लोक खुशीनं घरी जातात. कुस्तीत ठीक आहे. पण गाढवाला गुळाची चव काय!

सोळा डाव आधी जिंकेल त्याची फायनल. आमचे पंधरा झाले होते, त्यांचे तेरा. आणखी एक डाव, की पुणं. त्या डावात आम्ही चौघं मेलो. उरला अयुब एकटा, समोर कैफ आणि त्याचा एक गडी. दोन्हीकडची पोरं बाकांवर चढून एकमेकांना शिव्या द्यायला लागली. अयुब मान खाली घालून ऐकत होता. त्यानं एकाला टिपलं. आता फक्त कैफ. दोघं एका भिंतीच्या दोन बाजूंना होते.

तेवढ्यात बापूसाहेब स्टेजवर चढले. त्यांना केडगावला लग्नाला जायचं होतं. लीग भरवणारे कंपनीचे सर मागं धावले, “साहेब, एवढा एकच डाव...” साहेबांनी ऐकलं नाही. एका हातानं अयुबचं मनगट धरून त्याला खुर्चीतून ओढलं, तसंच पलीकडं नेलं, दुसऱ्या हातानं कैफला उठवलं आणि दोघांचे हात वर केले.

“झाली! बराबरीत सोडवली! दोनी पोरं आपलीच हायेत!”

आणि लोकांनी शिट्ट्या मारल्या. टाळ्या वाजवल्या. आमच्या गावच्या लोकांनीसुद्धा! त्या टाळ्या मला आजही कानात गेलेल्या घाणीसारख्या वाटतात. मागं पडद्यावर दोन शिपाई भिंतीला नाक लावून उभे होते. मग भाषणाच्या स्पीकरला बोर्डात जागा नव्हती, म्हणून कुणीतरी सर्व्हरची पिन काढली. पडदा काळा झाला. फायनल गेली, आणि त्या जागी माईकची खरखर आली.

त्यांनी अयुबला आणि कैफला फेटे बांधले, नारळ दिले, फोटो काढले. बापूसाहेब तरुण पिढीवर बोलले आणि लग्नाला गेले.

गाडीचा धुरळा बसायच्या आत आम्ही सरांना गाठलं. ते नजर चुकवत म्हणाले, “विजेता एकच लागतो, असा कंपनीचा नियम आहे. आता विजेताच नाही. यंदा पुण्यातलीच मुलं घेतील.”

“मग परत खेळवा,” मी म्हणालो. “आत्ता, इथंच.”

“साहेबांनी बरोबरी जाहीर केल्यावर? त्यांचा अपमान होईल. पुढच्या वर्षी हॉल कोण देणार मला?”

तेव्हा कैफ पुढं आला. फेटा त्यानं आधीच काखेत मारला होता. “सर, आमी हारलो आसं लिवा. मी सही देतो. ह्याला तरी जाऊ द्या,” तो म्हणाला.

सर म्हणाले, “भावना समजतात.” मी आयुष्यात पुष्कळ थुंकलोय, पण त्या दिवशी थुंकायचं राहिलं याची हळहळ वाटते. आणि अयुबची? त्याचीही चीड आली मला. डोक्यावर तो गुलाबी फेटा, हातात नारळ, आणि सरांना म्हणतो, “येतो सर.”

चौफुल्यावरून एसटीनं आम्ही परतलो. तो खिडकीशी बसला. फेटा काढ म्हटलं तर ऐकूच आलं नाही त्याला.

बाजारपेठेत दगडूचाचा दुकानाबाहेर उभे होते. दौंडहून कुणीतरी फोन केला होता, की बापूसाहेबांनी तुमच्या पोराचा हात धरून वर केला, फेटा बांधला. चाचांनी सगळ्या पेठेला पेढे वाटले होते. आत पाटावर अयुबची बॅग भरून ठेवलेली, वर इस्त्रीचा शर्ट. त्यांनी पोराला मिठी मारली.

“मी शब्दाचा पक्का हाय,” ते म्हणाले. “जिकलास. आता जा पुन्याला. दुकानाचं मी बगतो.”

सांगायचं माझ्यावर आलं. मी सांगितलं, की चाचा, कुणीच जिंकलं नाही, बरोबरीत सोडवली. पुण्याला कुणालाच घेणार नाहीत.

चाचांनी माझ्याकडं बघितलं, मग पोराच्या डोक्याकडं.

“आरं, मग ह्यो फेटा कशाचा बांदला?”

अयुबनं फेटा सोडला. दुकानाच्या पायरीशी बादली होती, तीत तो बुडवला, घट्ट पिळला आणि आत जाऊन पानांच्या पाटीवर पांघरला. पानं ओल्या कापडाखाली ठेवावी लागतात, नाहीतर सकाळपर्यंत सुकतात. मग तो गादीवर बसला आणि एका गिऱ्हाइकाला विचारलं, “किती पानं द्यू, मामा?”